मेळ्याचे मैदान आणि पक्के बांधकाम

ग्रंथ, नाटक, चित्र यांचे परीक्षण करण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. घाटांचे, मैदानांचे आणि यात्रास्थळांचे परीक्षण मात्र सहसा कोणी करीत नाही. त्यांच्या वाट्याला एकतर उद्घाटनाचे भाषण येते किंवा दुर्घटनेनंतरचा चौकशी-अहवाल. वास्तविक नावडता ग्रंथ मिटून ठेवता येतो, नावडते नाटक अर्ध्यावर सोडून घरी जाता येते. एकदा बांधलेला घाट मात्र पुढच्या तीनचार पिढ्यांना वापरावाच लागतो. म्हणून उज्जयिनीच्या नदीकाठावर गेल्या काही वर्षांत जे उभे राहिले आणि 2028 च्या सिंहस्थासाठी जे उभे करावयाचे आहे, त्याकडे एक कृती म्हणून पाहण्याचे आम्ही योजिले आहे. कर्त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परीक्षण कृतीचे असते, हेतूचे नव्हे.

उज्जयिनी आपल्या वाचकांना परकी नाही. तेराव्या शतकात इल्तुतमिशाच्या स्वारीत महाकालाचे मंदिर उद्ध्वस्त झाले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा जीर्णोद्धार केला तो राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर या शेणवी कुळातल्या गृहस्थांनी. ज्या समाजाने आपली दैवते मूळ गावांतून रात्रीच्या रात्री हलवून अंत्रुज महालात नेली आणि तेथे त्यांची देवळे पुन्हा उभारली, त्याच समाजातल्या एका पुरुषाच्या हातून माळव्यातले ज्योतिर्लिंग पुन्हा छपराखाली यावे, ह्यात आम्हांस एक प्रकारचा न्याय दिसतो. सिंहस्थाच्या मेळ्याला आजचे स्वरूप आले तेही शिंदेशाहीच्या आश्रयाने, असे सांगतात. पुढे बायजाबाई शिंद्यांनी शहराच्या मध्यावर गोपाळमंदिर बांधले. विसाव्या शतकात माधवराव शिंद्यांनी नदीकाठच्या वेधशाळेची 1923 मध्ये दुरुस्ती करविली. तेव्हा जुन्याचे नवे करणे ही उज्जयिनीत नवी गोष्ट नव्हे, आणि आमचा आक्षेप नव्या बांधकामाला नव्यापणामुळे आहे असे कोणी समजू नये.

माधवरावांचेच नाव धारण करणारे माधव नगर रुळांच्या एका बाजूला आहे; दुसऱ्या बाजूला जुने शहर, महाकाल आणि क्षिप्रा. लोक त्या वस्तीला फ्रीगंज म्हणतात आणि सरकारी कागद माधव नगर म्हणतो. सरळ आणि रुंद रस्ते, मधोमध घड्याळाचा मनोरा, आणि सायंकाळी त्या मनोऱ्याभोवती खाण्याच्या गाड्यांपाशी जमलेली बायकामुले. ह्या जागेला तिकीट नाही, प्रवेशद्वार नाही आणि पाहण्यासारखे असे विशेष काहीच नाही. तरी ती रोज भरते. नगररचनेच्या भाषेत हिला काय म्हणतात ते आम्हांस ठाऊक नाही. सामान्य माणसाच्या भाषेत ही बसायची जागा. पुढील विवेचनात हे माधव नगर वाचकांनी मनात ठेवावे, कारण नदीकाठावर जे हरवत चालले आहे त्याचा एक लहानसा नमुना येथे अद्याप शिल्लक आहे.

नदीकाठावर दोन मेळे भरतात. एक बारा वर्षांनी, दुसरा दरसाल. सिंहस्थाची कीर्ती जगभर आहे. कार्तिक मेळ्याची माळव्याबाहेर फारशी नाही. कार्तिकी पौर्णिमेपासून सुमारे महिनाभर महानगरपालिका नदीलगतच्या मैदानावर हा मेळा भरविते. पाळणे, मौतका कुआं, भांड्यांची आणि चादरींची दुकाने, कुस्त्या, कविसंमेलन असा त्याचा थाट असतो. त्याच सुमारास जवळच गाढवांचा बाजार भरतो. कुंभार आणि वीटभट्टीवाले दुरून येतात आणि विकाऊ गाढवांच्या पाठीवर रंगाने नटनट्यांची नावे लिहिलेली असतात. कोणत्या नटीला यंदा किती भाव आला हे वर्तमानपत्रे आनंदाने छापतात. माधव नगरातला कारकून, खेड्यातला शेतकरी आणि रामघाटावर बुडी मारून आलेला यात्रेकरू हे तिघे एकाच धुळीतून फिरतात. मेळा उठला की मैदान पुन्हा मैदान होते. मुले क्रिकेट खेळतात, गुरे बसतात.

हे ‘पुन्हा मैदान होणे’ आमच्या मते मेळ्याचे सर्वांत महत्त्वाचे अंग आहे. आपल्या कोंकणातल्या जात्रा आठवून पाहा. म्हार्दोळला काय, शिरोड्याला काय, देवळासमोरच्या प्रांगणात एका रात्रीत खाज्यांची दुकाने लागतात, काकणवाले बसतात, पहाटेपर्यंत दशावतार चालतो. दुसऱ्या दिवशी झाडलोट झाली की राहतात फक्त दीपमाळ, तुळशीवृंदावन आणि तळी. वर्षातले तीनशे साठ दिवस प्रांगण रिकामे असते म्हणून उरलेल्या पाचांत तेथे सारा गाव मावतो. त्या रिकामेपणाला उत्पन्न नाही म्हणून एखाद्या महाजनाने तेथे कायमची दुकाने बांधली, तर दुकाने चालतील, देवस्थानचे भाडेही वाढेल; जात्रा भरवायला मात्र जागा राहणार नाही.

आता महाकाल लोकाकडे वळू. 11 ऑक्टोबर 2022 रोजी ह्या विस्ताराच्या पहिल्या टप्प्याचे लोकार्पण झाले. रुद्रसागराच्या काठाने सुमारे नऊशे मीटरांचा मार्ग, 108 कोरीव स्तंभ, शिवपुराणातील प्रसंगांची भित्तिचित्रे आणि शेकडा दीडशेच्या पुढे मूर्ती. आधी ह्याच्या बाजूने बोलले पाहिजे. महाकालाच्या दारी जागेची टंचाई खरोखर जीवघेणी होती. 1996 च्या जुलैतल्या सोमवती अमावास्येला मंदिरात चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक मेले. ज्यांनी त्या अरुंद गल्ल्यांतून म्हाताऱ्या आईला धरून नेले असेल त्यांना मोकळ्या रस्त्याचे मोल समजावून सांगायला नको. जलपर्णी आणि सांडपाण्याने भरलेला रुद्रसागर पुन्हा पाण्यासारखा दिसू लागला, हेही लहान काम नव्हे. गर्दीला वाट देणे ह्या एका कसोटीवर ही कृती उत्तीर्ण झाली आहे.

परंतु ती तेवढ्यावर थांबत नाही. तिला दाखवायचे आहे. पावलोपावली एक देखावा आणि प्रत्येक देखाव्यापुढे छायाचित्रासाठी थांबलेले कुटुंब, असा तिचा क्रम आहे. येथे येणारा माणूस काही करीत नाही, तो पाहतो. यात्रेत माणूस चालतो, भिजतो, उपाशी राहतो, हरवतो, सापडतो, नारळ फोडतो आणि घासाघीस करून पितळेची घंटा विकत घेतो. प्रदर्शनात माणूस रांगेतून पुढे सरकतो. दोन्हींत वाईट काही नाही, पण दोन्ही एक नव्हेत. माळव्याच्या उन्हात दुपारी ह्या विस्तीर्ण फरसबंदीवर अनवाणी चालून पाहिले म्हणजे कोणाचा विचार आराखड्यात प्रथम झाला आणि कोणाचा नंतर, हे तळपायांना कळते. रात्री दिव्यांच्या प्रकाशात सारे सुंदर दिसते. चित्रे रात्रीची छापली जातात.

28 मे 2023 रोजी वादळी वारा सुटला आणि सप्तर्षींच्या सात मूर्तींपैकी सहा कोसळल्या. लोकार्पणाला अजून आठ महिनेही झाले नव्हते. मूर्ती पाषाणाच्या नव्हत्या; तंतुमिश्रित प्लास्टिकच्या, आतून पोकळ. पुढे त्या जागी पाषाणमूर्ती बसविण्याचे ठरले. ह्या प्रकरणात कंत्राटाची जी राजकीय चर्चा झाली तीत आम्हांस रस नाही. आमच्या मनाला लागले ते दुसरेच. ज्या भूमीवर पाषाणाचा देव आहे आणि कापडाचा मंडप आहे, तेथे आम्ही तिसरेच काही आणले. पाषाण टिकतो आणि कापड उतरविता येते. पाषाणासारखे दिसणारे प्लास्टिक टिकतही नाही आणि उतरविण्यासाठी बनविलेलेही नसते. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2024 मध्ये, मंदिराच्या चौथ्या क्रमांकाच्या द्वाराजवळची भिंत पावसात खचली आणि रस्त्याच्या कडेला बसलेली दोन माणसे दगावली. पक्के म्हणजे सुरक्षित, हा समज बाळगणाऱ्यांनी हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत.

प्रतिपक्षाचे उत्तर आम्ही जाणतो. 5 मे 2016 रोजी, सिंहस्थ ऐन भरात असताना, वादळ आणि पाऊस आला, मंडप कोसळले आणि सात माणसे मेली. कापडही पडते. हे उत्तर खरे आहे आणि आम्ही ते टाळणार नाही. त्यापासून निष्पन्न होते ते एवढेच की मंडपाचे खांब खोल पुरावेत, पाण्याचे चर आधी खणावेत, विजेच्या तारा उघड्या ठेवू नयेत. मंडप पडला म्हणून मैदानावर सिमेंटचे नगर वसवावे हा निष्कर्ष त्या अपघातातून कसा निघतो, हे आम्हांस कळत नाही.

तरी तोच निष्कर्ष काढण्यात आला, आणि येथे आमचा खरा विषय सुरू होतो. 1955 च्या सिंहस्थ मेळ्याच्या कायद्यान्वये आजवर चालत आलेली रीत अशी. मेळ्याच्या क्षेत्रातली शेती शेतकऱ्यांचीच राहते. बारा वर्षांनी एकदा शासन ती काही महिन्यांपुरती ताब्यात घेते, पिकाची भरपाई देते, त्यावर आखाड्यांची छावणी उभी राहते, लक्षावधी लोक येतात, आणि मेळा संपला की जमीन शेतकऱ्याला परत मिळते. पुढचा गहू तो त्याच जमिनीत पेरतो. साधूंच्या धुनीची राख ज्या वावरात पडली त्याच वावरात पुढच्या वर्षी हरभरा येतो. अकरा वर्षे नांगर आणि बाराव्या वर्षी पालखी, असा हा करार आहे. तो कोणी एका दिवशी लिहून काढला नाही. पुष्कळ पिढ्यांनी तो वापरून पक्का केला.

2024 च्या ऑक्टोबरात मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले की उज्जैन हे हरिद्वाराच्या धर्तीवर विकसित केले जाईल आणि साधुसंतांना कायमचे आश्रम बांधण्यासाठी जागा मिळेल. त्यापाठोपाठ उज्जैन विकास प्राधिकरणाने सतरा गावांतली सुमारे 2,378 हेक्टर जमीन नगरविकास योजनांखाली एकत्र करण्याचा घाट घातला. पद्धत अशी की सारी जमीन एकत्र करायची, निम्मी शेतकऱ्याला विकसित भूखंडांच्या रूपाने परत द्यायची आणि उरलेल्या निम्मीतून रस्ते, उद्याने, सोयी आणि प्राधिकरणाचा हिस्सा काढायचा. कागदावर शेतकऱ्याचे नुकसान नाही. परत मिळालेल्या निम्म्या भूखंडाची किंमत मूळच्या शेतापेक्षा अधिक भरेल असे गणित दाखविता येते. शेतकऱ्यांना ते गणित येत नव्हते असे नाही. त्यांनी हिशेब वेगळा मांडला. भूखंड एकदा विकता येतो. शेत दरवर्षी पिकते.

विरोध वाढला. आंदोलनात भारतीय किसान संघ उतरला, म्हणजे सत्तेच्या आप्तांपैकीच एक. 17 नोव्हेंबर 2025 रोजी योजना मागे घेतल्याचे घोषित झाले. पण दोनच दिवसांनी निघालेल्या आदेशात रद्द करण्याऐवजी सुधारणा करण्याची भाषा आढळली आणि शेतकरी पुन्हा संतापले. शेवटी डिसेंबरात ती पूर्णतः रद्द करण्याचा आदेश निघाला. वकिलीच्या व्यवसायात असलेल्यांना ह्या मधल्या महिन्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. घोषणा आणि आदेश ह्यांच्यामध्ये जे अंतर असते त्यातच बहुतेक हक्क बुडतात. सतरा गावांतल्या शेतकऱ्यांनी आदेश शब्दशः वाचला म्हणून ते वाचले.

योजना रद्द झाली, तेव्हा हे सारे उगाळण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की योजना विरोधामुळे रद्द झाली. ती चुकीची होती असे म्हणून नव्हे. मेळ्याची भूमी रिकामी असणे हेच तिचे कार्य आहे, हे तत्त्व कोणी मान्य केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. उद्या दुसऱ्या नावाने, दुसऱ्या कलमाखाली तीच कल्पना परत येऊ शकते. मेळ्याच्या क्षेत्रात पक्क्या बांधकामाला मनाई असतानाही तेथे वसाहती उठल्याची ओरड प्रत्येक सिंहस्थापूर्वी होते, आणि शासनच पक्के बांधू लागले तर त्या वसाहतवाल्यांना कोणत्या तोंडाने उठवायचे?

आपल्या कायद्याला रिकाम्या जागेची ओळख फार अंधुक आहे. मालकी त्याला कळते, भाडेपट्टा कळतो. 1882 च्या सुखाधिकाराच्या कायद्यात रूढीने मिळणाऱ्या हक्काला स्थान आहे, आणि गावकऱ्यांनी गावच्या गायरानावर गुरे चारावीत हे त्याचे उदाहरणही तेथे दिलेले आहे. न्यायालयांनी वेळोवेळी ह्या दिशेने पाऊल टाकले. बंगलोरात उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये अवैध ठरविला. रुग्णालय ही चांगली गोष्ट आहे म्हणून उद्यान गिळता येत नाही, असा त्याचा इत्यर्थ. 1996 मध्ये बियास नदीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की नद्या, किनारे, वने ह्यांचे शासन विश्वस्त आहे, मालक नव्हे. देवस्थानांचा कारभार पाहिलेल्या आमच्या वाचकांना विश्वस्त शब्दाचा अर्थ फोड करून सांगण्याची जरुरी नाही. देवाची जमीन विश्वस्ताने पडीक टाकली तर तो दोषी आहेच. पण देवाच्या उत्सवाची जागा भाड्याने लावून उत्पन्न वाढविले म्हणून तो निर्दोष ठरत नाही.

रिकामी जागा राखण्यासाठी शासनाला बळ लागते हे खरे, आणि ते बळ वापरल्याचे उदाहरणही आपल्याकडे आहे. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात राहुट्या ठोकण्यावर उच्च न्यायालयाने बंधने घातली तेव्हा प्रशासनाने नदीपलीकडची रेल्वेची 65 एकर जागा वारकऱ्यांसाठी मिळविली. तेथे पाण्याचे नळ, शौचकूप, दिवे, आखलेले भूखंड आहेत, आणि वारी नसेल तेव्हा बहुधा काही नाही. आषाढीला दिंड्या येतात, तंबू ठोकतात, आणि जातात. लोक त्या जागेला अजून ‘65 एकर’ असेच म्हणतात. भक्तिसागर हे नाव कागदोपत्री आहे. तिच्यात उणिवा नाहीत असे नव्हे, पावसाळ्यात चिखल होतो तो होतोच. पण कोणीतरी आखणी करताना ‘येथे काही बांधावयाचे नाही’ हा निर्णय जाणूनबुजून घेतला, हे आम्हांस फार मोठे वाटते.

नाशिकची कथा ह्याच्या उलट आहे. 2003 च्या सिंहस्थापूर्वी गोदावरीच्या पात्रात सिमेंटचा थर घातला गेला आणि जुनी कुंडे त्याखाली गेली. तो थर फोडून कुंडे मोकळी करावीत म्हणून नागरिकांना उच्च न्यायालयात जावे लागले. इतके करूनही त्याच सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन 39 जण मेलेच. आता 2027 च्या पर्वणीसाठी तपोवनात साधुग्राम वसवायला सतराशेच्या वर झाडे हलविण्याचा किंवा तोडण्याचा प्रस्ताव निघाला आणि 2025 च्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर उतरले; प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. तपोवनातून वन काढले तर उरलेल्या तपाला सावली कशाची, असा प्रश्न कोणी चेष्टेने केला तरी त्याचे उत्तर गंभीरपणेच द्यावे लागेल.

आता पाणी. उज्जैनच्या आराखड्यात सर्वांत मोठा भाग घाटांचा आहे: क्षिप्रेच्या दोन्ही तीरांवर मिळून सुमारे 29 किलोमीटर लांबीचे नवे घाट, ज्यांच्या कामाची कोनशिला 31 मे 2025 रोजी बसविली गेली. अहिल्याबाईंच्या जन्मत्रिशताब्दीचा तो दिवस. मुहूर्त समर्पक होता. पण अहिल्याबाईंनी महेश्वराला घाट बांधले ते नर्मदेवर. क्षिप्रेला बारमाही प्रवाह राहिलेला नाही. 2014 मध्ये नर्मदेचे पाणी पंपांनी उचलून क्षिप्रेच्या उगमापाशी सोडण्याची योजना सुरू झाली, आणि 2016 चे सिंहस्थस्नान बहुतांशी नर्मदेच्या पाण्यात पार पडले. पंप थांबले की काय होते हे 5 जानेवारी 2019 च्या शनिश्चरी अमावास्येला दिसले: त्रिवेणीला आलेल्या भाविकांना चिखलात उभे राहून अंगावर पाणी शिंपडून घ्यावे लागले, आणि त्यापायी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या. पायऱ्या वाढल्या म्हणून नदी वाढत नाही. घाट हा नदीचा दागिना आहे, आणि दागिन्याने अंगाची कृशता झाकत नाही.

पाणी कमी ही अर्धी अडचण. उरलेली अर्धी इंदूरहून येते. इंदूरची कान्ह नदी, जिला जुने लोक खान म्हणतात, ते शहर ओलांडताना त्याचे सारे सांडपाणी घेते आणि उज्जैनच्या वरच्या अंगाला क्षिप्रेला मिळते. 2016 च्या आधी हे पाणी नळातून शहराला वळसा घालून खाली नेण्याची व्यवस्था केली होती. ती अपुरी ठरली. आता सुमारे तीस किलोमीटर लांबीची बंद वाहिनी आणि बोगदा ह्यांतून तेच पाणी उज्जैनच्या पलीकडे नेऊन सोडायचे आहे. पलीकडेही गावे आहेत. त्या गावांतही कोणी सूर्याला अर्घ्य देत असेल.

येथे एका जुन्या अहवालाची आठवण करून द्यावीशी वाटते. पॅट्रिक गेडीस नावाचा स्कॉटिश विद्वान होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून इंदूरला आला आणि 1918 मध्ये त्याने त्या शहराच्या विकासाचा दोन खंडांचा अहवाल सादर केला. खान नदीचे काठ, तलाव आणि बागा ह्यांना त्याने शहराच्या आरोग्याचे केंद्र मानले. प्लेगाने गांजलेल्या त्या शहरात त्याने आणखी एक गोष्ट केली. दिवाळीला एक भली मोठी मिरवणूक काढली आणि तिच्या मार्गासाठी अट घातली की ज्या पेठेतले लोक आपले रस्ते आणि घरे सर्वांत स्वच्छ करतील तिकडून ती जाईल. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगाचा उंदीर होता, झाडूवाले शुभ्र वस्त्रांत फुले लावून चालले होते. परक्या माणसाला जे कळले ते असे की आपल्या लोकांकडून काम करून घ्यायचे तर त्यांना उत्सव द्यावा. आणि उत्सवाची सामग्री मिरवणूक संपल्यावर जाळून टाकली तरी स्वच्छ झालेले शहर राहते. त्याच नदीचे पाणी आज बोगद्यातून लपवून न्यावे लागते, हे त्या अहवालाच्या धनी शहराला शोभण्यासारखे नाही, मग ते शहर स्वच्छतेची कितीही बक्षिसे मिळवो.

नदीकाठच्या विहाराची जुनी कल्पनाही उज्जैनला अपरिचित नव्हती. शहराच्या उत्तरेला कालियादेह महालापाशी माळव्याच्या सुलतानांनी नदीचे पाणी कुंडांतून आणि वळणावळणाच्या पाटांतून खेळविले होते. विसाव्या शतकात माधवराव शिंद्यांनी त्या महालाची डागडुजी केली. तो सुलतानाचा होता, मग शिंद्यांचा झाला, आणि कुंडे पाण्यावाचून कोरडी पडली तेव्हा कोणाचाच राहिला नाही. नवे काही बांधण्यापूर्वी तेथे एक दिवस जाऊन बसावे, अशी आमची प्राधिकरणाच्या अभियंत्यांना सूचना आहे.

कोणी म्हणेल, तुम्हांला मग हवे तरी काय? आम्ही ते सांगतो. घाट बांधा, पण जेथे पाण्याची खात्री आहे तेथे प्रथम. पाण्याचे नळ, सांडपाण्याची गटारे आणि विजेचे खांब मेळ्याच्या क्षेत्रात कायमचे असू देत. ते जमिनीखाली किंवा बांधाच्या कडेला राहतात आणि नांगराला अडत नाहीत. झाडे लावा, मे महिन्यातल्या मेळ्याला एका वडाची जी किंमत आहे ती शंभर स्तंभांना नाही. कार्तिक मेळ्याच्या मैदानाची चतुःसीमा मोजून ती नकाशावर ‘मैदान’ म्हणूनच नोंदवा, ‘राखीव’, ‘प्रस्तावित’ असल्या शब्दांनी नव्हे, कारण प्रस्तावित जागेवर प्रस्ताव येतातच. आखाड्यांना कायमचे आश्रम हवे असतील तर त्यांनी इतर नागरिकांप्रमाणे शहरात जागा घ्याव्यात. पुराच्या पट्ट्यात आणि मेळ्याच्या रानात नव्हे. वैराग्याच्या संप्रदायांनी पक्क्या घराचा आग्रह धरणे हे आम्हांस थोडे चमत्कारिक वाटते, पण तो त्यांचा प्रश्न आहे.

आणि शेतकऱ्यांच्या बाबतीत एक लहानशी गोष्ट, जिला पैसा लागत नाही. 2028 च्या उन्हाळ्यासाठी सतरा गावांतल्या जमिनी जेव्हा रीतीप्रमाणे काही महिन्यांपुरत्या मागितल्या जातील, तेव्हा त्या मागणीच्या नोटिशीत ताबा घेण्याच्या तारखेखाली ताबा परत देण्याची तारीखही छापावी, भरपाईचा दर त्याच कागदावर असावा, बांधबंदिस्ती आणि विहीर पूर्ववत करून देण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्यावर आहे ते त्याच्या हुद्द्यासह लिहावे, आणि तिची एक प्रत प्रत्येक गावच्या पंचायतीच्या दारावर लावावी. पेरणीपूर्वी.